झोपेची खूण

तिला सगळे टोपीवाली म्हणत. तोंडावर ताई, पाठीमागे टोपीवाली. लोकांना टोप्या घालून पोट भरणारे जगात पुष्कळ आहेत, पण त्याचा दरमहा रीतसर पगार घेणारी ही एकटीच, असं इस्पितळाचा लिफ्टमन म्हणायचा. दर नव्या माणसाला हा विनोद ऐकवल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. तिनेही तो इतक्या वेळा ऐकला होता की विनोद संपायच्या आधीच ती हसून घ्यायची, म्हणजे लिफ्टमधून लवकर सुटका होई.

काम मात्र खरोखरच टोपी घालण्याचं होतं. हृदयाचा जसा आलेख काढतात तसा मेंदूचाही काढतात, आणि त्यासाठी डोक्यावर ताणून बसणारी एक कापडी टोपी लागते. टोपीला जागोजागी भोकं, भोकाभोकात धातूची चकती, प्रत्येक चकतीला वायर. आधी टेप घेऊन नाकाच्या मुळापासून डोक्यामागच्या उंचवट्यापर्यंत मोजायचं, मग या कानापासून त्या कानापर्यंत, मधोमध पेन्सिलीने फुली मारायची, टोपी चढवायची आणि बिनटोकाच्या सुईने एकेका भोकात थंडगार जेल सोडायचं. जेल आत गेलं की भलेभले अंग चोरतात. आता आमच्या केसांचं काय होणार, हा प्रश्न सगळे विचारतात, टक्कल पडलेलेसुद्धा. तीही सगळ्यांना एकच उत्तर द्यायची, की पाण्याने जातं.

एकदा टोपी बसली की तिचं एक वाक्य ठरलेलं होतं. "डोळे मिटा, पण झोपू नका." ऐकायला सोपं आहे. करून बघा. मंद दिवा, अंगावर चादर, हातात फोन नाही, दाराबाहेरून जाणाऱ्या-येणाऱ्यांचा जेमतेम आवाज. महिनोन् महिने डोळ्याला डोळा लागत नाही म्हणून रडणारी माणसं तिच्या कॉटवर पडल्या पडल्या घोरायला लागत. आणि झोप ही या कामातली सगळ्यात लबाड गोष्ट. माणूस पेंगला की त्याच्या मेंदूच्या लाटा संथ होतात. मेंदूला आजार जडत असेल तरी संथ होतात. वरवर बघणाऱ्याला दोन्ही सारख्याच. म्हणून आलेख चालू असताना तिने एक डोळा पडद्यावर आणि एक डोळा माणसावर ठेवायचा, आणि माणूस पेंगला रे पेंगला की कीबोर्डवरचं एक बटण दाबायचं. त्या बटणावर तिने पांढरी चिकटपट्टी लावून 'झोप' असं लिहिलेलं होतं. बटण दाबलं की तेवढ्या भागावर खूण पडे, आणि तेवढा भाग वाचणाऱ्याने सोडून द्यायचा असे.

वीसेक वर्षांत तिची ही खूण चुकल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं. डॉक्टर आले, शिकले, परदेशी गेले, काही मोठे होऊन परत आले. खूण तिचीच चालायची. बढती-बिढती काही नव्हती, पण एवढा एक मान होता आणि तो तिला पुरत होता.

मग मेंदूच्या मोठ्या डॉक्टरांनी, म्हणजे मॅडमनी, एक नवं काम काढलं. स्मृतिभ्रंश. माणूस विसरायला लागल्यावर तो आजार सगळ्यांनाच कळतो, शेजारणीलाही कळतो, त्यासाठी डॉक्टर कशाला, असं मॅडमचं म्हणणं. तो त्याआधी कळला पाहिजे. यासाठी त्यांनी एक प्रोग्रॅमवाला गाठला होता. त्याने शेकडो जुने आलेख यंत्राला दाखवले होते. यातली ही माणसं पुढे या आजाराने पडली, ही पडली नाहीत, एवढंच सांगायचं. फरक कशात आहे तो यंत्राने आपला आपण हुडकायचा. लहान मुलाला आपण मांजराची व्याख्या सांगत नाही, मांजरं दाखवत राहतो, तसंच हे, असं तो समजावून सांगे. यंत्राने फरक हुडकला म्हणे. नेमका कशात, असं विचारलं की प्रोग्रॅमवाला चष्मा पुसायला घ्यायचा.

तर आता कुणाचाही नवा आलेख दिला की ते यंत्र शून्य ते शंभरमधला एक आकडा सांगायचं. साठाच्या वर गेला की त्या माणसाला पुढच्या सगळ्या तपासण्यांना बोलवायचं. आकडा म्हणजे निदान नव्हे, हे मॅडम येता-जाता बजावत. पण यंत्राची परीक्षा घ्यायला कसलीच तक्रार नसलेली, पन्नाशी उलटलेली धडधाकट माणसं हवी होती, आणि धडधाकट माणसं इस्पितळात आपणहून कशाला येतील. म्हणून मॅडमनी सगळ्यांना सांगितलं, आपापल्या घरची माणसं आणा. रक्त तपासणाऱ्या बाईंनी सासूला आणलं, पहारेकऱ्याने काकाला आणलं. टोपीवालीने नवऱ्याला आणलं.

नवऱ्याला सगळे मास्तर म्हणत. शाळेतले नव्हेत, गाडीचे. ड्रायव्हिंग स्कूलच्या छोट्या गाडीत शिकाऊ माणसाच्या शेजारी बसून त्यांनी तीस वर्षं काढली होती. त्यांच्या पायाशी त्यांचा वेगळा ब्रेक असायचा आणि तोंडात कायम वेलदोडा. शिकणाऱ्याने गाडी खांबावर घातली तरी मास्तर आवाज चढवत नसत; खांब उभाच असतो, दोष त्याचा नाही, एवढंच म्हणत. त्यांचा राग फक्त झोपेवर. एकाने चाक हातात असताना सलग जांभया दिल्या, तर मास्तरांनी गाडी बाजूला घ्यायला लावली, त्याला खाली उतरवलं आणि पायी घरी पाठवलं. गिअर चुकतो, वळण चुकतं, तो माणूस शिकतोय असं समजायचं. झोपेला मात्र माफी नाही. आपल्याला गाडीत एवढ्या वर्षांत एकदाही डुलकी लागली नाही, हे ते लग्नाकार्यात अनोळखी माणसालाही सांगत.

त्यांना का आणलं असं कुणी विचारलं असतं तर ती म्हणाली असती, सगळ्यांनी आणलं म्हणून. ते खरं नव्हतं. गेलं वर्षभर तिला दिसत होतं आणि ती बघत नव्हती. मास्तर तोंडाने डावीकडे म्हणत आणि हात उजवीकडे दाखवत. हँडब्रेकला त्यांनी एकदा 'तो, ओढायचा तो' म्हटलं होतं. जेवताना एक गंमत सांगून झाली की हात धुऊन परत येऊन तीच गंमत सांगायचे, आणि ती दुसऱ्यांदाही हसायची, पहिल्यापेक्षा जरा मोठ्याने. मास्तर कामावर गेले की परत येईपर्यंत तिचा जीव टांगणीला लागायचा, पण कशासाठी ते ती स्वतःलाही सांगायची नाही. यंत्राकडून वीस-पंचवीसचा आकडा आला असता तर सगळ्यावर पडदा पडला असता. तेवढ्यासाठी तिने त्यांना आणलं.

मास्तर कॉटवर उताणे पडले. आज घरच्यालाच टोपी का, असं त्यांनी विचारून घेतलं. तिने मोजलं, फुली मारली, जेल सोडलं. अनोळखी माणसाला म्हणते तसंच, त्याच सुरात, तिने त्यांना डोळे मिटायला आणि न झोपायला सांगितलं, आणि ती पडद्यासमोर जाऊन बसली.

जागा माणूस डोळे मिटतो तेव्हा डोक्याच्या मागच्या बाजूला एक नेटकी लाट उमटते, सेकंदाला नऊ-दहा वेळा वरखाली होणारी. डोळे उघडले की ती पुसली जाते. मास्तरांची लाट उमटली. नेटकी होती, जिथे असायला हवी तिथेच होती, पण संथ होती. सेकंदाला सात, कधी साताहूनही कमी. तिने डोळे उघडायला सांगितले, लाट पुसली गेली. मिटायला सांगितले, लाट परत आली, तितकीच संथ. पेंगणाऱ्या माणसाचं असं होत नाही. त्याची बुबुळं पापण्यांखाली सावकाश तरंगायला लागतात, तेही पडद्यावर दिसतं, आणि ही लाट विस्कटून जाते. मास्तरांची बुबुळं जागच्या जागी होती. चादरीखाली त्यांचा पाय मधूनच दाबला जात होता, ब्रेकवर असल्यासारखा. मास्तर टक्क जागे होते.

अशा वेळी काळजात धस्स होतं म्हणतात. तिला झालं नाही. तिला दिसलं ते फक्त दिसलं. मग तिचा हात पुढे गेला आणि त्याने बटण दाबलं. हाताने आधी ठरवलं आणि डोक्याला नंतर कळवलं. टक. थोडा वेळ गेला, परत टक. आलेख संपेपर्यंत ती बसल्या जागी अधूनमधून बटण दाबत राहिली, आणि पडद्यावर मास्तरांच्या जागेपणावर झोपेच्या खुणा पडत गेल्या.

यंत्राने खुणांचा सगळा भाग टाकून दिला आणि उरलेला अपुरा आहे असं सांगितलं. आकडा आला नाही. मास्तर चांगलेच झोपाळू निघाले की, असं प्रोग्रॅमवाला म्हणाला. मॅडमनी आलेख उघडूनसुद्धा पाहिला नाही. तुम्ही झोप म्हणालात ना ताई, मग झोपच, तुमच्या खुणेवर मी डोळे मिटून विश्वास ठेवते, असं म्हणून त्यांनी मास्तरांना पुढे कधीतरी चांगली झोप झाल्यावर परत आणायला सांगितलं. वीस वर्षांची पत तिने एका सकाळी वापरून टाकली, आणि तिला शरमही वाटली नाही. तिने टोपी कोमट पाण्यात भिजत टाकली आणि पुढच्या माणसाला आत बोलावलं.

घरी आल्यावर मास्तरांनी विचारलं, काय निघालं.

"काही नाही. तुम्ही झोपलात," ती म्हणाली.

मास्तर केसांतलं वाळलेलं जेल टॉवेलने पुसत होते, ते थांबले. "झोपलो? मला कळलंसुद्धा नाही."

"कुणालाच कळत नाही," ती म्हणाली. हेही तिचं नेहमीचं वाक्य. आजवर शेकडो माणसांना तिने ते सांगितलं होतं आणि प्रत्येकाच्या बाबतीत ते खरं होतं.

मास्तरांना ते पटलं. बायको वीस वर्षं हेच काम करते, ती झोपलात म्हणाली म्हणजे आपण झोपलो, इतका साधा हिशेब होता. टॉवेल दोरीवर टाकून ते बराच वेळ बाल्कनीत उभे राहिले. ते थकले असतील, असं तिने समजून घेतलं. कुकर लावायचा होता.

चार-पाच दिवसांनी ड्रायव्हिंग स्कूलच्या मालकाचा फोन आला. मालक म्हणजे मास्तरांचा जुना मित्रच. वहिनी, हे काय नवीन, असं त्याने सुरुवातीलाच विचारलं. मास्तरांनी गाडी सोडली होती. सकाळी आले, किल्ली टेबलावर ठेवली, आणि म्हणाले, मला झोप लागते आणि लागलेली कळत नाही. शेजारी लोकांची पोरं बसतात. आजपासून मी गाडीत बसणार नाही. मालकाने समजूत घातली, चेष्टाही केली, मास्तर ऐकेनात. शेवटी त्याने त्यांना वर्गात रस्त्यावरच्या खुणांचे तक्ते शिकवायला ठेवलं. तर तक्त्यासमोरही ते उभेच असतात, खुर्चीला टेकत नाहीत. डॉक्टरने काही सांगितलंय का, असं मालकाने विचारलं. नाही, असं ती म्हणाली, आणि तेवढं खरंच होतं.

फोन ठेवून ती वाटाणे सोलायला बसली. सुंठीवाचून खोकला गेला, असं तिच्या मनात आलं. मास्तर गाडीत बसणार नाहीत, म्हणजे कुणाच्या पोराला धोका नाही. आकडा नाही, म्हणजे आजार नाही. निदान कागदावर नाही, कुणाच्या तोंडी नाही. मास्तरांना कीव करणाऱ्या नजरा झेलाव्या लागणार नाहीत. खोटं बोलायचं तर याहून सोयीचं खोटं सापडलं नसतं. तिने वाटाणे सोलले, टरफलं टाकली, आणि आपल्याला सुटल्यासारखं का वाटत नाही याचा विचार करून पाहिला. आत सगळं बधिर होतं, दात काढल्यावर गाल होतो तसं. आपलंच बोट लावलं तरी परक्याला लावल्यासारखं.

मास्तर मात्र बदलत गेले. आवडत्या आरामखुर्चीत बसायचं त्यांनी सोडलं. पेपर उभ्याने वाचू लागले. टीव्हीवरची बातमी संपली की वळून विचारायचे, "आत्ता माझा डोळा लागला होता का गं?" ती नाही म्हणायची. एकदा गॅस चालू राहिला, तेव्हा म्हणाले, मधे झोप लागली असेल. शेजाऱ्याचं नाव आठवलं नाही, तेव्हाही तेच. आपल्या प्रत्येक विसरण्याला त्यांना आता एक कारण मिळालं होतं, आणि ते तिनेच दिलं होतं. इथवर तिने चालवून घेतलं.

पण पुढे ते जे खरोखर आठवत होतं त्यावरही शंका घेऊ लागले. मालक घरी येऊन बसून गेला होता, परत गाडीत बसा म्हणून आग्रह करून गेला होता. दुसऱ्या दिवशी तिने तो विषय काढला तर मास्तर म्हणाले, "म्हणजे तो आला होता? मला वाटलं, मी झोपेत पाहिलं." त्यांना मालकाचा शर्ट आठवत होता, त्याने काय काय म्हटलं ते शब्दन् शब्द आठवत होतं. फक्त ते घडलं असेल असा भरवसा राहिला नव्हता. या आजारात माणसाचा स्वतःवरचा भरवसा जातो, पण तो बराच उशिरा जातो. ते काम तिने आधीच उरकून टाकलं होतं. हे तिला नीट कळत होतं, कळूनही डोळ्यांत टिपूस येत नव्हता, आणि ती रोज वेळेवर कामाला जात होती.

कामावर यंत्राचं बरं चाललं होतं. पहारेकऱ्याच्या काकाचा आकडा बहात्तर आला होता आणि पुढच्या तपासण्यांत तो खरा निघाला. काका पत्नीला घेऊन मॅडमना भेटायला आले, तेव्हा टोपीवाली तिथेच उभी होती. सुरुवातीला चार दिवस कुणाशी बोललो नाही, असं काका म्हणाले, मग उठून बसलो. आता गोळ्या घेतात, रोज चालतात, आणि पुढे आपल्याला कुठे ठेवायचं, कुणाचं ऐकायचं, हे बायकोला आत्ताच समजावून सांगतात. बोलता बोलता ते दोनदा अडले आणि दोनदा स्वतःच हसले.

ते गेल्यावर मॅडम तिला म्हणाल्या, "लवकर कळून आजार काही पळत नाही हो ताई. पण ठरवायला माणूस स्वतः हजर असतो. उशीर झाला की त्याचं सगळं दुसरेच ठरवतात." आणि मग आठवल्यासारखं करून म्हणाल्या, मास्तरांना गुरुवारी आणा, यावेळी छान झोप काढून येऊ दे. ती हो म्हणाली. गुरुवारी हात कुठे जाईल याची तिलाच खात्री नव्हती.

सुट्टीच्या दिवशी सकाळी मास्तरांनी जेवणाच्या टेबलापाशी दोन खुर्च्या समोरासमोर मांडल्या. एकीत तिला बसवलं, दुसरीत स्वतः बसले. गाडी सोडल्यापासून खुर्चीत नीट पाठ टेकून ते पहिल्यांदाच बसले होते. त्यांना एक परीक्षा घ्यायची होती. मी डोळे मिटतो, तू बघत राहा, झोपलो की हाक मार, असं त्यांनी सांगितलं. आपली झोप आपल्याला ओळखता आली पाहिजे. येत नसेल तर घराबाहेर एकट्याने पडण्यातही अर्थ नाही. हे सगळं ते शिकवणीला आलेल्या माणसाशी बोलावं तसं शांतपणे बोलले, आणि त्यांनी डोळे मिटले.

ती बघत राहिली. पापण्या स्थिर होत्या. खालच्या मजल्यावर कुणीतरी गालिचा झटकत होतं.

"तिथेही असंच होतं बघ," मास्तर डोळे न उघडता म्हणाले. "सगळं ऐकू येत होतं. दाराबाहेरून एक ढकलगाडी गेली, तिचं चाक करकरत होतं. एका बाईने एक्स-रेची खोली कुठे म्हणून विचारलं. तू खुर्ची पुढे ओढलीस. मग टक, टक असं वाजत होतं, थांबून थांबून. आणि तू मधेच उसासा टाकलास." ते जरा थांबले. "इतकं स्पष्ट स्वप्न पडतं का गं माणसाला? मग मला जे जे आठवतं, त्यातलं खरं कुठलं धरायचं?"

आपण उसासा टाकला होता हे तिला माहीत नव्हतं.

तिने हाक मारली. "अहो."

"झोपलो का?"

"नाही. आणि तिथेही झोपला नव्हतात. एकदाही नाही. तुम्ही जागे होतात."

मास्तरांनी डोळे उघडले. त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद पसरला तसा तिने वर्षभरात पाहिला नव्हता. चाक करकरत होतं ना, त्यांनी विचारलं. हो. एक्स-रेचं विचारलं ना त्या बाईने? विचारलं. मालक आला होता तेही खरं, त्याचा निळा शर्ट होता तोही खरा. मास्तर उठले, खिडकीपर्यंत गेले, परत आले. मला ठाऊकच होतं, असं म्हणाले. मी म्हणत होतो, असं म्हणाले, जरी ते तसं कुणाला म्हणाले नव्हते. "म्हणजे माझं डोकं शाबूत आहे," ते म्हणाले, आणि हसून तिच्याकडे बघू लागले.

तिला वाटलं, इथेच थांबावं. एक दिवस, निदान जेवण होईपर्यंत.

"बसा," ती म्हणाली.

ते बसले. हसू अजून तसंच होतं. मग त्यांच्या कपाळावर एक आठी आली; पुढचा प्रश्न त्यांच्यापर्यंत सावकाश येत होता आणि ती त्याची वाट बघत होती. "मग तू झोपलात असं का म्हणालीस?"

तिने सांगितलं. लाट कशी असते, त्यांची कशी होती, ती जागेपणी तशी होती, आणि त्या टक टक आवाजाने काय केलं. आकड्याचं सांगितलं, काकांचं सांगितलं, गुरुवारचं सांगितलं. मॅडमनाही हे सगळं सांगावं लागेल, तेही सांगितलं. तिचा आवाज कापला नाही. मास्तरांनी मधे एकदाही अडवलं नाही, आणि त्यांना सगळं समजलं. समजल्याचं त्यांच्या तोंडावर दिसलं, तेव्हा तिला पहिल्यांदा दुखलं, आणि दुखलं ते इतकं की तिने टेबलाची कड धरली.

"किती दिवस झाले?" त्यांनी विचारलं.

"तीन आठवडे."

"तीन आठवडे मी स्वतःला झोपाळू समजतोय," मास्तर म्हणाले. त्यांचा आवाज चढला नाही, पण असा आवाज तिने कधी ऐकला नव्हता. "आजार असेल तर असू दे. तो कुणालाही होतो. पण तीस वर्षांत मी एकदाही पेंगलो नव्हतो, आणि मी स्वतः जाऊन मालकाला सांगून आलो की मला झोप लागते. वर्गातली पोरं ऐकत होती."

तिला चुकले म्हणायचं होतं, पण तो शब्द फार लहान होता.

"फोन लाव मालकाला."

"आधी मॅडमकडे जाऊन येऊ, मग—"

"गुरुवारी जाऊ. किल्ली मी परत मागणार नाहीये, घाबरू नकोस. तू फोन लाव."

तिने फोन लावून त्यांच्या हातात दिला. पलीकडून मालकाचा आवाज आला, गाडीच्या हॉर्नसकट. मास्तर खुर्चीतून उठून उभे राहिले, त्यांनी घसा साफ केला. "अरे, मी बोलतोय," ते म्हणाले. "ती झोप नव्हती." मग त्यांनी आजाराचं नाव घेतलं, एकदाही न अडखळता.